पाठीमागून उगवलेला सूर्य

आमच्या गावात सूर्य मावळतो. उगवतो की नाही, हे मी शपथेवर सांगणार नाही. समोर समुद्र आणि पाठीला डोंगर. सकाळी डोंगराआडून आधी उजेड येतो, मग ऊन येतं, आणि सूर्यमहाराज स्वतः वर डोकावतात तेव्हा माझं दुकान उघडून, गूळ ओला का म्हणून दोन गिऱ्हाइकांशी हुज्जतही घालून झालेली असते. संध्याकाळी मात्र तो सगळ्या गावादेखत पाण्यात बुडतो. आमच्याकडे येणारे पाहुणे ते बघून हरखतात. आम्ही जन्मभर तेच बघत आलो, आम्हाला त्याचं काय?

माझ्या दुकानात एक जुनं कॅलेंडर होतं. त्याच्या चित्रात सूर्य पाण्यातून वर येत होता. साल उलटून गेलं तरी मी ते उतरवलं नाही. एकदा तरी हे डोळ्यांनी बघायचं, असं मनात होतं. बायको म्हणायची, त्यात काय बघायचंय, संध्याकाळचाच उलटा.

पण विदर्भात मी गेलो तो सूर्य बघायला नव्हे, शालूला आणायला. शालू माझी धाकटी बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला. मग तिनं नर्सचं शिक्षण घेतलं आणि नोकरी लागली ती थेट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगेच्या काठी, वडशाहून आत एका खेड्यात. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. पाकिटावर चंद्रपूर लिहायचं की गडचिरोली, हे आमचा पोस्टमन मलाच विचारायचा. ‘दोन वर्षं काढते आणि येते’ असं म्हणून गेलेली पोरगी तिथंच राहिली. इकडे आई थकत चालली. शेवटी ओळखीपाळखी काढून मी तिच्या बदलीचं आमच्या बाजूला जुळवून आणलं. आता फक्त तिनं ‘हो’ म्हणायचं बाकी होतं. पत्रातून विचारलं की ती भाताचं लिहायची, पावसाचं लिहायची, मांजरीला पिल्लं झाली ते लिहायची. बदलीबद्दल एक अक्षर नाही.

“घेऊनच ये तिला,” आई म्हणाली. “एकटा आलास तर दारात उभा करणार नाही.”

तेव्हा आंबा उतरायच्या आधी जाऊन यावं म्हणून मार्चअखेरीस निघालो. बरोबर आमसुलं, कुळथाचं पीठ आणि नारळ. त्या नारळांच्या वजनानं माझा खांदा पार कामातून गेला, पण तिकडे नारळ मिळतो की नाही देव जाणे.

वैनगंगेचा काठ

शेवटचा टप्पा त्या चिमुकल्या रुळांवरच्या गाडीनं केला. ब्रह्मपुरी सोडली, नदीचा पूल ओलांडला आणि वडसा आलं. स्टेशनावर शालू होती. पांढरं पातळ, पायात चपला, रंग रापलेला. मला बघून हसली आणि हमालाला म्हणाली, “अरे, हे सामान उचलून घे ना गा, काऊन उभा आहेस?”

मी चाटच पडलो. काऊन? ही माझी बहीण का दुसरीच कोण? माझ्याशी बोलताना मात्र ती आपलं घरचंच बोलली. पुढचे सगळे दिवस हेच चाललं. माझ्याकडे तोंड केलं की कोकण आणि मान वळवली की झाडीपट्टी. मला मधूनमधून वाटायचं, हिच्या पोटात दोन बायका राहतात आणि त्यांतली कुठली घरी न्यायची, तेच मला कळेना.

तिची खोली आरोग्य उपकेंद्राला लागून होती. रात्री जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि नदीतल्या झिंग्यांची, म्हणजे आपल्या कोळंबीची, भाजी. लाखोळीची डाळ मी जन्मात खाल्ली नव्हती. चव बरी होती, पण जीभ आपली तूर कुठाय, तूर कुठाय करत होती. झिंगे बघून जरा जीव थंडावला. नारळ फोडून मी सोलकढी केली ती शेजारच्या तानाबाईंना पाठवली. तानाबाई म्हणजे साठीच्या पुढची, काटक, मोठ्या आवाजाची शेतकरीण. त्यांच्या ओसरीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यासमोर रोज संध्याकाळी मेणबत्ती. तीन मुलगे, सुना, नातवंडं, सगळं घर भरलेलं. त्यांनी वाटी परत पाठवली ती निरोपासकट: “पाव्हन्याले सांगा, औषध पोचला.”

पहिल्याच रात्री विषय काढला. “गो शालू, बदलीचं काय?”

“दादा, उद्या पहाटे नदीवर जाऊन ये. तुला पाण्यातला सूर्य बघायचाय ना? इथली पहाट फार छान असते.”

बघा! मी विचारतोय काय आणि ही सांगतेय काय. पण पाण्यातला सूर्य म्हटल्यावर मीही विरघळलो.

पहाटे एकटाच नदीवर गेलो. मार्चातली वैनगंगा म्हणजे वाळूच फार, मधूनमधून पाण्याचे पट्टे. वाळूत डांगराचे वेल लावलेले. मी एका दगडावर ऐसपैस बसलो, उपरणं खांद्यावर घेतलं आणि पाण्याकडे तोंड करून वाट बघू लागलो. पाणी म्हणजे सूर्य, एवढं साधं गणित. आमच्याकडे तो पाण्यात जातो, तेव्हा इकडे तो पाण्यातून येणार.

उजेड वाढला. पाणी राखाडीचं निळसर झालं. एक खंड्या आला, मासा घेऊन गेला. मी डोळे ताणून पलीकडच्या काठावर बघतोय. आता येईल, आता येईल. आणि मग माझ्यासमोर वाळूवर एक लांबच लांब माणूस आडवा पडला. माझीच सावली! मी चमकून मागे वळलो. सूर्य माझ्या पाठीमागे, ताडांच्या वर, हातभर चढून बसला होता.

मला खरोखर काही सुचेना. मला क्षणभर वाटलं, सूर्यच चुकला. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. गाव नदीच्या उगवतीच्या बाजूला, म्हणजे नदी गावाच्या मावळतीला. पाणी बघितलं की तिकडे तोंड करायची आमची खोड. वाळूत काम करणारा एक माणूस मघापासून माझ्याकडे बघत होता. तो शांतपणे म्हणाला, “कोनाची वाट पाहून राह्यले जी?”

“कोणाची नाही,” मी म्हटलं आणि उठलो.

घरी येऊन सांगितलं तर ‘अरे, पाणी ओलांडून पलीकडच्या काठावर बसायचं होतंस!’ म्हणत शालू पोट धरधरून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. किती वर्षांनी तिला अशी हसताना बघत होतो! नवरा गेल्यापासून ही आमच्या घरात अशी हसली नव्हती. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

ताडोब्याचं तळं

तिनं दोन दिवसांची रजा काढली आणि मला मोहर्लीला नेलं. तिची एक मैत्रीण तिथं राहते, तिचा नवरा जंगलखात्याच्या गाडीवर आहे. त्यांनी आम्हाला संध्याकाळीच आत नेलं आणि तळ्याकाठच्या विश्रामगृहात सोय करून दिली. वाटेत मी झुडपाझुडपात वाघ बघत होतो. प्रत्येक वाळक्या गवताचा मला वाघ झाला. प्रत्यक्षात दिसले ते रानगवे, काळे, थोराड, आमच्याकडे बघायचीसुद्धा तसदी न घेणारे.

पहाटे निघताना मी आधी दिशा विचारून घेतली. एकदा फजिती झाली तेवढी पुरे. शालूनं मला तळ्याच्या मावळतीच्या काठावर उभं केलं, दोन्ही खांदे धरून वळवलं आणि म्हणाली, “आता हलू नकोस.”

काय सांगू तुम्हाला! आधी तळं दिसतच नव्हतं, नुसती ओलसर गारवा देणारी काळी जागा होती. मग पलीकडच्या झाडांची रेघ उमटली. मग त्या रेघेला वरून तांबूस कड आली, आणि ती कड पाण्यातही उतरली. पानकावळे उठले. एक ओंडका सावकाश पुढे सरकला, तेव्हा कळलं की ती मगर. आणि झाडांच्या एका फटीतून सूर्याचं टोक वर आलं. आवाज नाही की गडबड नाही, दिवा मोठा करावा तसं ते वाढत गेलं. पाण्यात दुसरा सूर्य खाली खाली जात होता आणि खरा वर वर येत होता. दोघं एकमेकांना चिकटलेले होते ते सुटले, तेव्हा माझ्या तोंडून ‘अगो बाई’ असं निघालं. वय विसरून मी शालूचा हात धरला. कॅलेंडरातल्या चित्रकारानं काहीच काढलं नव्हतं हो! ऊन अंगावर आलं, पळसांची फुलं पेटल्यासारखी दिसू लागली, कुठूनतरी मोर ओरडला, आणि मला वाटलं की जन्मात एवढं एक बघितलं तरी खूप झालं.

त्या आनंदाच्या भरात मी म्हणालो, “शालू, चल गो आता घरी. आई वाट बघतेय. पुरे झालं.”

ती तळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “वारा नव्हता ना रात्री? मोह पडत असेल.”

“काय पडत असेल?”

“मोह. फुलं. कालची पडलीच असतील, आता आजची.”

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. मी घरचं बोलतोय, आईचं बोलतोय, आणि हिचा जीव फुलांत. बरं, बोलताना तिचा चेहरा असा की चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईचा असावा. परतीच्या एसटीत तर ती खिडकीशी नुसती चुळबुळत होती. प्रवासभर मी मनातल्या मनात तिच्याशी भांडलो, एकदा रागावून, एकदा समजुतीनं. ती मात्र मध्येच मला टेंभरं सोलून देत होती. ती पिवळी, गोड, बुळबुळीत फळं खात खात मी भांडत होतो.

मोहाखाली

परतलो त्याच रात्री गावातल्या एका बाईला कळा लागल्या आणि शालू पिशवी घेऊन गेली. पहाटे दारावर तानाबाईंची थाप. हातात टोपली, डोक्यावरून पदर.

“चाला पाव्हने. तुमाले दिस निंगताना पाहाले लागते ना? आमच्या मोवाखाली चाला.”

गावाबाहेर रानाच्या कडेला मोहाची मोठमोठी झाडं होती. बिनपानांची, उंच, आणि हवेत एक गोड, जड, जरा आंबूस वास. अजून झुंजुमुंजू होतं. झाडाझाडाखाली माणसं वाकलेली, बायका, म्हातारे, नुकतीच चालायला लागलेली पोरं. वरून टप् टप् फुलं पडत होती, फिकट पिवळी, रसरशीत, द्राक्षाएवढी. खालचा पाचोळा आधीच झाडून, जाळून जमीन लख्ख केलेली, म्हणजे फूल नजरेत भरतं. लोक ती वेचून टोपलीत टाकत होते. वाळवून ठेवायची, शिजवून खायची, भाकरीत घालायची. बाकी त्यांचं काय करतात ते मी विचारलं नाही, तानाबाई आपणहून हसल्या तेवढ्यावरून समजलो.

तानाबाई आपल्या झाडाखाली बसल्या. मी नुसता उभा. रिकाम्या हाताला काहीतरी उद्योग पाहिजे, दुकानदाराची जात. पलीकडे एक झाड दिसलं. त्याच्याखाली चिटपाखरू नव्हतं, आणि फुलांचा नुसता खच! वरची ताजी, खालची तपकिरी पडून सुरकुतलेली. इकडे माणसं एकेक फूल शोधून वेचताहेत आणि तिकडे सोन्यासारखा माल मातीत जातोय. मला राहवेना. गेलो, बसलो, उपरणं पसरलं आणि ओंजळी भरभरून टाकायला लागलो.

“ओ पाव्हने!” तानाबाई अशा गरजल्या की सगळं रान माझ्याकडे वळलं. “ठेवा ते! ठेवा आंदी खाली!”

मी भीतीनं उपरणं उलटं केलं. “अहो, कोणी वेचत नव्हतं म्हणून—”

“येचत नाई मनजे काय कोनाचा नाई? नर्सबाईचा झाड हाये तो.”

“शालूचं?”

“मंग कोनाचा?”

मला काही म्हणजे काही कळेना. सरकारी नर्स, बदलीची नोकरी, हिचं रानात झाड कसं? मग तानाबाईंनी वेचता वेचता सांगितलं. इथं प्रत्येक मोह कुणाच्या ना कुणाच्या घरचा असतो, आणि त्यांच्या घरात एक झाड लेकीचं. लेक सासरी गेली तरी मोहाच्या दिवसांत येते, आपल्या झाडाचं वेचून नेते. आधी ते त्यांच्या नणंदेचं होतं. ती वारली.

“मले पोरगी नाई, सारे पोरंच. लेकीचा झाड तसाच पडून होता. मंग बाईले देला. माझ्या तिन्ही सुनांचे बाळंतपन तिनंच केले. रात नाई पाह्यली, पानी नाई पाह्यला. अन् तिले तं इथी कोनी नाई. एक झाड तं पायजे ना मान्साले?”

“पण मग दोन दिवस हे असं वाया गेलं ते? तुम्ही तरी वेचायचं होतं.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू दुसऱ्याच्या ताटातलं का नाही खाल्लंत असंच मी विचारलं होतं. “दुसऱ्याच्या झाडाचा कसा उचलाव जी? माझ्या पोरानं रात्री गुरं हाकलले, तेवढा खरा.”

“मी तिचा सख्खा भाऊ आहे हो.”

“असान ना. तिले इचारून हात लावा.”

मी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. राग आला होता, लाजही वाटत होती. तेवढ्यात पांदीतून शालू येताना दिसली. रात्रभर जागलेली, पदर खोचलेला, केस विस्कटलेले. “पोरगी झाली,” तिनं लांबूनच ओरडून सांगितलं, आणि झाडाझाडाखालून हसण्याचे आवाज आले. ती सरळ आपल्या झाडाखाली आली, खाली बसली, तपकिरी फुलं एका बाजूला सारली आणि ताजी वेचायला लागली. जसं काही आमच्या परसात अबोली वेचतेय.

थोड्या वेळानं मान वर करून म्हणाली, “उभा काय राहिलास? ये, वेच.”

मी तिच्यासमोर बसलो. मघाशी टाकलेली फुलं पुन्हा गोळा केली. आणि एकाएकी त्या फुलांवर ऊन आलं. प्रत्येक फुलातून उजेड आरपार जाऊ लागला. शालूचा चेहरा तांबूस झाला, आणि जमिनीवर माझी लांब सावली तिच्या पदरापर्यंत गेली. सूर्य याही खेपेला माझ्या पाठीमागूनच उगवला होता. मी वळून बघितलं नाही. खरं सांगतो, मला बघावंसंच वाटलं नाही.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “बदली नको म्हणून सांग. आईला वाईट वाटेल. मलाही वाटतंय रे. पण तिकडे मी दिवसभर काय करू? तिकडे मी बिचारी आहे. इथं मी कामाची आहे.”

‘चल’ म्हणवेना, ‘राहा’ म्हणवेना. मी फुलं वेचत राहिलो आणि नाक पुसत राहिलो. तेव्हा तिच्या तोंडून त्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी तिकडचं निघालं: “रडून काऊन राह्यला, दादा?” आणि मग तीच रडली.

घरी

एकटाच परतलो. पिशवीत वाळवलेल्या मोहाची पुरचुंडी होती. आईनं दारात उभं केलं, पण माझ्याकडे न बघता माझ्या मागे, रस्त्याकडे बघत होती. मी पुरचुंडी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. नदी, तळं, तानाबाई, झाड. तळ्यातला सूर्य सांगताना मी हातवारे करत होतो. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं एक फूल तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं.

“म्हणजे तिथं तिचं झाड आहे,” ती म्हणाली.

“आहे.”

“आणि आपल्याकडे कुठलं रे तिचं?”

मी परसाकडे बघितलं. नारळ आहेत, फणस आहे, आंबे आहेत. सगळी आमची. तिचं असं बोट दाखवता येईल असं एकही नव्हतं. आईच काठी टेकत मागच्या दाराशी गेली आणि विहिरीकडच्या रायवळ आंब्याकडे हात केला. “तो शालूचा. सगळ्यांना सांगून ठेव.”

सांगून ठेवलं. शालूला पत्रही घातलं. मे महिन्यात सुटी काढून येते म्हणून तिचं उत्तर आलं. बायको म्हणते, तेव्हाच बदलीचं पुन्हा बोला. मी बोलणार आहे की नाही, ते मलाच ठाऊक नाही. काही दिवस वाटतं बोलावं, काही दिवस वाटतं तोंड आवरावं.

हल्ली मी सकाळी दुकान जरा उशिरा उघडतो. मागच्या दाराच्या पायरीवर चहा घेऊन बसतो आणि डोंगराकडे बघतो. आमच्याकडेही सूर्य उगवतो तर! उशिरा येतो, पण येतो. पहिलं ऊन त्या रायवळावर पडतं. कालच्या वाऱ्यानं खाली आंबे पडलेत, पिकले आहेत, मुंग्या लागायला लागल्या आहेत. बायको सकाळपासून दोनदा म्हणाली, उचला ते, फुकट जातील. मी गुरं येऊ नयेत म्हणून तेवढं कवाड लावून घेतलंय.

दुसऱ्याच्या झाडाचे कसे उचलायचे?